आबांच्या खिडक्या

एसटीचा नवा कंडक्टर आबांना पहिल्यांदा भेटला की एकदा तरी दचकायचाच. "किती तिकिटं?" असं त्यानं विचारलं की आबा तोंड उघडत नसत. खांद्यावरचं उपरणं काढायचे, कंडक्टरच्या हातावर टाकायचे आणि त्याखालून त्याची दोन बोटं धरून दाबायचे. म्हणजे दोन तिकिटं. एकदा आळेफाट्याला एका तरण्या कंडक्टरनं हात असा झटकला की तिकिटाचं मशीनच खाली पडलं. "ओ बाबा, काय चालवलंय हे?" तो ओरडला. गाडीतली जुनी माणसं हसत सुटली. आबा मात्र शांतपणे म्हणाले, "आकडा तोंडानं सांगत नसत्यात, राव. त्याची किंमत जाती."

आबांचं सगळं आयुष्य बेल्ह्याच्या बैलबाजारात गेलं होतं. ते दलाल होते. विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये बसायचं, हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटांनी भाव बोलायचा. बघणाऱ्यांना फक्त कापड हललेलं दिसतं. सौदा पटला की समोरच्याची बोटं मिटवायची आणि ती मूठ आपल्या मुठीत धरायची. मग रुमाल काढायचा, चहा प्यायचा. मी त्यांच्या घरी राहायला गेले तेव्हा आबांनी धंदा सोडलेला होता, पण धंद्यानं आबांना सोडलेलं नव्हतं. किती वाजले, भाकरी किती हव्यात, पाहुणे किती येणार, कुठलाच आकडा त्यांच्या तोंडून निघत नसे. फोनवर आकडा सांगायची वेळ आली की फोन मुकाट्यानं बायकोच्या हातात द्यायचे.

मी जनावरांची डॉक्टर. पहिलीच नेमणूक, सरकारी दवाखाना, आणि खोली मिळेना. एकट्या बाईला खोली द्यायची म्हणजे लोक आधी डोळे बारीक करतात. आबांनी डोळे मिटले. खरंच मिटले. म्हणाले, "हात द्या." मला वाटलं, म्हातारा ज्योतिष बघतो की काय. त्यांनी माझा तळवा दाबून पाहिला, मनगट फिरवलं, बोटं एकेक करून ओढली. मग म्हणाले, "म्हशीची गाभन तपासनारा हात हाय. चालंल. सामान आना."

त्यांना मी आबा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मावशी. नात्याचा हिशेब जुळत नव्हता, पण दोघांचीही तक्रार नव्हती. मावशी येडगावच्या, धरणाकाठच्या. बुटक्या, गोऱ्या, बोलायला तिखट. त्यांच्या हातच्या मासवडीसाठी माणूस बदली रद्द करून घेईल.

"डोळा फसवितो, हात फसवित न्हाय," हे आबांचं आवडतं वाक्य. दवाखान्यात येऊन बसायचे आणि मी थर्मामीटर लावण्याआधी बैलाच्या कानाच्या मुळाला हात लावून "ताप हाय" म्हणायचे. ताप असायचाच. माझा संताप व्हायचा. वांगी घेतानासुद्धा डोळे मिटायचे, आणि भाजीवाली म्हणायची, "आबा, वांगं हाय, गोऱ्हा न्हाय."

त्या घराची आणखी एक गंमत होती. घर सिमेंटचं, साधंच, एकामागे एक खोल्या. पण एका दाराचं किंवा खिडकीचं हँडल दुसऱ्यासारखं असेल तर शपथ. स्वयंपाकघराच्या खिडकीला, बैलाच्या शिंगाच्या टोकावर बसवतात ती पितळी शेंबी. मधल्या घराच्या खिडकीला विळ्याची लाकडी मूठ. झोपायच्या खोलीला गळ्यातलं घुंगूर. मागच्या दाराला जुन्या नळाची चावी, आणि न्हाणीघराच्या दाराला कासऱ्याची जाडजूड गाठ. माझ्या खिडकीला सायकलच्या हँडलची रबरी मूठ होती. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "आबा, दुकानात सारखी मिळत नाहीत का?"

"दावनीची जनावरं तरी सारखी असत्यात का, डाक्टर?"

म्हातारा हौशी आहे आणि थोडा चिक्कूही, असं मी ठरवून टाकलं.

त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत होता आणि भोसरीत राहत होता, सातव्या मजल्यावर. चांगला मुलगा, दर महिन्याला यायचा. आला की एकच विषय. "आई, चला आता तिकडं. इथं बिबटे फिरतात, दवाखाना लांब, तुमचं वय झालंय." आबा वर पत्र्याकडे बघत बसायचे. मावशी म्हणायच्या, "हातपाय चालत्यात तवर हितंच. आमाला काय झालं म्हंजी ने." मुलगा म्हणायचा, "मग ठरलं हां. काही झालं की मी विचारणार नाही, सरळ नेणार." हे बोलणं इतक्या वेळा झालं होतं की मला पाठ होतं. मावशींना तिथं जायचं नव्हतं, हेही मला पाठ होतं. एकदा तिथं आठ दिवस राहून आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "सोफ्यावर बसवून ठिवलं गं. पानी प्यायचं तरी कुनीतरी आनून द्यायचं. पावनी म्हनून मरायचं का मी?"

सव्वा वर्ष मी त्या घरात राहिले आणि मला कळलं नाही. आज लिहितानाही लाज वाटते. गाईच्या डोळ्यात फूल पडलं तर मला गोठ्याच्या दारातून दिसतं. पण मावशी भिंतीला तळहात लावून चालतात, ते गुडघे दुखतात म्हणून असं मी समजत होते. सुई माझ्याकडून ओवून घेतात, ते वय झालं म्हणून. पाहुणे आले की आबांच्या शेजारी बसतात आणि त्यांच्या उपरण्याखाली हात घालतात, ते प्रेम म्हणून. याबद्दल तर मी माझ्या आईला कौतुकानं फोनही केला होता. "या वयात हात धरून बसतात गं!"

मग माझी खिडकी बिघडली. हँडलचे आटे झिजले होते. ते नुसतंच गोल फिरायचं, आतली पट्टी चौकटीत बसायची नाही आणि वाऱ्यानं झडप आपटत राहायची. त्याच आठवड्यात कालव्याकडेच्या उसात बिबट्याचे ठसे दिसले होते. खिडकीला दोरी बांधून झोपायचा मला कंटाळा आला. आदल्या रविवारी लसीकरणाचं काम केल्याची बदली सुट्टी होती, म्हणून सकाळीच स्कूटर काढून आळेफाट्याला गेले. दुकानदार म्हणाला, "सुटं देत नाही मॅडम, डझनाचा बॉक्स आहे." स्टीलची, चकचकीत, एका हाताला बसतील अशी हँडलं. बॉक्स घेतला.

माझी खिडकी वीस मिनिटांत झाली. हातात पाना होता, बॉक्समध्ये अकरा हँडलं होती आणि अंगात उत्साह होता. दुसऱ्या दिवशी गावची यात्रा. मुलगा, सून, सुनेचा भाऊ सगळे येणार होते. म्हटलं, एवढं लेकीसारखं ठेवतात, आपण घर जरा माणसांचं दिसेल असं करू. आबा बाजाराला गेले होते. धंदा नसला तरी बाजार चुकत नसे. मावशी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. "काय ठोकाठोकी चाललीय गं?" त्यांनी विचारलं. "सरप्राइज आहे, मावशी!" मी ओरडले.

दोन तासांत मी सगळी दारं, सगळ्या खिडक्या एकसारख्या करून टाकल्या. तेवढ्यात रस्त्यानं भंगारवाला चालला होता. शेंबी, घुंगूर, नळाची चावी, सगळं गाठोडं त्याला दिलं आणि बदल्यात निळा प्लास्टिकचा टब घेतला. टब मोठा होता. मी फार खूश होते.

मावशी शेंगदाण्यांनी भरलेलं सूप घेऊन आत आल्या. मी माझ्या खोलीच्या दारातून बघत होते, आता चेहरा कसा खुलतो म्हणून. त्यांनी भिंतीला तळहात लावला. पहिल्या खिडकीचं हँडल हाताला लागलं आणि थांबल्या. पुढं गेल्या, दुसरं चाचपलं. मागं फिरल्या, पुन्हा पहिलं चाचपलं. मग एक दार उघडून आत पाऊल टाकलं. ते न्हाणीघर होतं. पाय ओल्यात पडला, सूप कलंडलं, दाणे सगळीकडे पसरले. मावशी तशाच दाराला धरून उभ्या राहिल्या. आवाज एवढा बारीक की मला आधी त्यांचा वाटलाच नाही.

"पोरी, हे कंचं दार हाय?"

मी धावले. त्यांना ओट्यावर आणून बसवलं. त्यांच्या तोंडासमोर हात हलवून पाहिला, जनावरापुढे हलवतात तसा. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि बघत नव्हत्या.

"उजेड-अंधार कळतो गं," मावशी म्हणाल्या. "मानूस न्हाय दिसत."

काचबिंदू. मी येण्याच्या कितीतरी आधी, येडगावला लग्नाला जातो म्हणून सांगून दोघं पुण्याला मोठ्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. डोळ्याची नस सुकलीय, गेलेली नजर परत येणार नाही, असं त्यानं सांगितलं. परत येताना एसटीत मावशी रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, पोराला कळू देऊ नका, तो मला उचलून नेईल. आणि आबांनी घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी पहिलं हँडल बदललं. घर बोटांनी वाचता येईल असं त्यांनी करून टाकलं. शेंबी लागली की चूल उजव्या हाताला. घुंगूर लागलं की पलंग. गाठ लागली की जपून, फरशी ओली. आणि उपरण्याखाली, जितके पाहुणे तितकी बोटं. लहान मूल असेल तर करंगळीचं अर्धं पेर. प्रेम म्हणून मी ज्याचं कौतुक केलं होतं ते हे होतं. म्हणजे प्रेमच होतं, मला त्याची जात कळली नव्हती.

आणि ते सगळं मी एका निळ्या टबावर घालवलं होतं. उद्या मुलगा येणार होता.

आबा दुपारी आले. मी रडत सगळं सांगितलं. त्यांनी बाजाराची पिशवी खाली ठेवली. आत गेले आणि डोळे मिटून घरभर फिरले, एकेक हँडल दाबत, फिरवत. बाहेर येऊन ओट्यावर टेकले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"चांगली हायत," ते म्हणाले. "पन सगळी सारख्याच वानाची हायत." मग उठले. "गाडी काढा, डाक्टर."

आबा स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसायचे, त्यामुळे गाडी सतत डावीकडे ओढायची. तसंच आम्ही तीन वस्त्या पालथ्या घातल्या. शेवटी आळेफाट्याच्या अलीकडे, भंगाराच्या वखारीत तो भंगारवाला सापडला. माल ढिगात ओतून मोकळा झाला होता. आबांनी धोतर खोचलं, ढिगासमोर बसले, डोळे मिटले आणि हात घातला. डबे, सळ्या, पत्रे, सायकलच्या साखळ्या. वखारवाला माझ्याकडे बघून खुणेनं विचारत होता, बाबा बरे आहेत ना. पहिलं घुंगूर निघालं. मग नळाची चावी. विळ्याची मूठ. गाठ. शेंबी सगळ्यात शेवटी निघाली, आणि ती हाताला लागल्यावर आबांचा हात ढिगातच थोडा वेळ थांबला. वखारवाल्याशी त्यांनी उपरण्याखाली काय ठरवलं मला ठाऊक नाही. तो हसला आणि म्हणाला, "न्या, न्या आबा."

माझ्या खिडकीची रबरी मूठ मात्र मिळाली नाही.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळं परत बसवलं. मी पाना फिरवायची, आबा धरायचे, आणि मावशी मागून येऊन प्रत्येकाला हात लावून म्हणायच्या, "हां. मधलं घर. हां. मोरी." जशी दावणीला परत आलेली जनावरं एकेक ओळखावीत. माझ्या खिडकीशी आल्यावर मी म्हटलं, "मावशी, इथलं गेलं. मी उद्या काहीतरी दुसरं बघते." त्यांनी ते स्टीलचं हँडल दोनदा फिरवून पाहिलं.

"ऱ्हाऊ दे. गुळगुळीत लागलं की आमच्या डाक्टरनीची खोली."

दुसऱ्या दिवशी मावशींनी मासवडीचं जेवण केलं. शेंबीच्या आधारानं त्या चुलीशी जात-येत होत्या, आणि सुनेच्या भावाला काही म्हणजे काही संशय आला नाही. वाढताना आबा शेजारीच, उपरणं मधे. सगळं सुरळीत चाललं होतं. जेवणं झाली आणि मुलानं खिशातून मोबाइल काढला.

"आई, तुमच्यासाठी खोली तयार केलीय. फोटो बघ." त्यानं मोबाइल मावशींच्या पुढं धरला. "कशी वाटते?"

उपरण्याखाली आबांचा हात हलायला लागला. पण तिथं फक्त आकडे होते. आकड्यात खोली कशी सांगणार? मावशी मोबाइलच्या जरा बाजूला बघत हसत होत्या. मला राहवलं नाही. फोटो दिसत नव्हता तरी मी लांबूनच म्हणाले, "अय्या, किती छान झाडं आहेत ना, मावशी!"

"हां, झाडं लई छान हायत," मावशी म्हणाल्या.

मुलानं आईच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग मोबाइल माझ्याकडे वळवला. फोटोत एक पलंग होता आणि पांढरी भिंत.

त्यानं मोबाइल पालथा ठेवला. जागेवरून उठला, आईबापांच्या समोर मांडी घालून बसला, आणि आपला हात त्या उपरण्याखाली सरकवला. आबा मागं सरले. "आबा, बाजारात तुमच्या मांडीवर बसून मोठा झालोय मी," तो हळू म्हणाला. "हे मला शिकवलं कोनी?"

आम्ही तिघांनी जगाला फसवायची तयारी केली होती, पण दलालाच्या पोराला उपरण्याखालचं कळतं, हे दलालाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"किती दिवस झाले?" मुलानं विचारलं.

कापड हललं नाही. मी आबांकडे बघत होते. त्यांचे ओठ दोनदा उघडले, मिटले.

"तीन वर्सं," आबा म्हणाले.

तोंडानं. मोठ्यानं. मी त्यांच्या तोंडून ऐकलेला तो पहिला आणि शेवटचा आकडा. सून पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

मुलाचे डोळे भरले. "मला का नाही सांगितलं, आई? परका आहे का मी?"

"तू नेशील म्हनून," मावशी म्हणाल्या. "तितं तू मला लई जपशील, बाळा. मला ठाव हाय. पन तितं मी आंधळी व्हईन. हितं मला घर दिसतं."

यात्रेचा ताशा लांबून ऐकू येत होता. मग उपरण्याखाली काहीतरी हललं. मला दिसलं फक्त कापड. पण एवढे दिवस त्या घरात राहून मीही थोडं शिकले होते. आईची बोटं मिटली गेली, आणि ती मूठ मुलाच्या मुठीत गेली. आबांनी उपरणं काढलं, खांद्यावर टाकलं आणि हुंदका लपवायला जोरात म्हणाले, "च्या टाक गं."

जायच्या आधी मुलानं पाना मागून घेतला. शेंबीचा नट मी घाईत ढिला ठेवला होता, तो त्यानं आवळला.

आबा जाऊन आता दोन वर्षं झाली. माझी बदली त्याच्या आधीच झाली होती. मुलगा दर शनिवारी येतो, रविवारी रात्री जातो. चुलतघरची एक पुतणी झोपायला असते. मागच्या महिन्यात मी नवरा, सासूबाई आणि लहान लेकीला घेऊन मावशींना भेटायला गेले. त्यांचा मुलगाही घरी होता. मावशी अंगणात होत्या. पावलांवरून कुणीतरी आल्याचं कळलं, पण किती, ते कळेना. मी शेजारी बसले. त्यांनी माझा हात चाचपला, तळवा दाबला आणि आपला हात माझ्या ओढणीखाली घातला.

परीक्षाच ती. नवरा, सासूबाई, मी, मावशींचा मुलगा. मी चार बोटं दाबली. मग करंगळीचं अर्धं पेर.

"आर्ध्याला दूध दिऊ का च्या चालंल?" मावशींनी विचारलं, आणि उठल्या. भिंतीला तळहात लावून आत गेल्या. वाटेत माझ्या जुन्या खिडकीच्या गुळगुळीत हँडलवरून त्यांचा हात गेला, पुढं शेंबीवर थांबला, आणि त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली.